चालवणाऱ्याच्या बाजूचं दार

गुरुग्राम,
रविवार, ८ ऑक्टोबर २०२३

आई,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. बाबा ३० जूनला रिटायर झाले. आर. के. पुरमचं क्वार्टर ३१ डिसेंबरपर्यंत रिकामं करायचं आहे.

२. ऑगस्टमध्ये तू दत्तामामाच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होतीस. तेव्हा कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या आपल्या अँबॅसेडरवर जुन्या गाड्या हटवण्याची नोटीस लागली.

३. बाबांनी तुला न विचारता भंगारवाल्याला फोन केला. गाडी तुझ्या नावावर आहे. तरी त्यांनी ती दिली आणि त्याने ती नेली.

४. नेताना पुढच्या दोन्ही खिडक्यांमधून साखळी घालून ती क्रेनने उचलली. छताची कड वर वाकली, खांब आत ओढले गेले, चारही दारं जागेवरून हलली.

५. शेजारच्या कुमुदकाकूंनी तुला हे फोनवर सांगितलं. तू परतीचं तिकीट रद्द केलंस.

६. दुसऱ्या दिवशी मी मायापुरीच्या भंगार बाजारात जाऊन गाडी परत आणली. ती कापलेली नाही.

७. हे मी तुला आजवर सांगितलं नाही.

सातव्याचं कारण असं की ती पुन्हा उभी राहील याची मला खात्री नव्हती. आधी ‘वाचली’ आणि मग ‘नाही जमलं’ अशा दोन बातम्या द्यायची माझी तयारी नव्हती. आता छत सरळ झालं आहे, खांब बरेचसे जागेवर आले आहेत. दारं राहिली आहेत.

पत्र लिहिते आहे कारण फोनवर तू ‘जेवलीस का’च्या पुढे जात नाहीस आणि मीही जात नाही.

गाडी कापसहेड्याला ओमबीर नावाच्या डेंटरच्या शेडमध्ये आहे. पत्रा ठोकणं, जोडणं त्याचं. दारं बसवणं माझं. सोमवार ते शनिवार मी मानेसरच्या कारखान्यात हेच करते. नव्या गाड्यांची दारं, बॉनेट, डिकी यांच्या कडेच्या फटी ठरल्याप्रमाणे येतात की नाही ते बघते. रविवारी तेच पुन्हा करायला जाते. आवड म्हणून करते असं समजू नकोस.

मी कोणाची बाजू घेऊन लिहीत नाही. अण्णाआजोबांनी तुला दिलेली गाडी आहे. ठेवायची की नाही, एवढं तू कळव.

वृंदा

•

रविवार, २९ ऑक्टोबर

आई,

तुझा मेसेज मिळाला. ‘पत्र पोचलं. रविवारी तरी आराम करत जा.’ प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. ‘नको’ असंही नव्हतं, म्हणून काम चालू ठेवलं आहे.

दारं बसवायचा क्रम उलटा असतो, म्हणजे बघणाऱ्याला उलटा वाटतो. मागच्या दारापासून सुरुवात करायची, कारण त्याच्या मागचा पत्रा बॉडीला जोडलेला असतो आणि तो हलत नाही. मागचं दार त्याच्याशी जुळवायचं, मग पुढचं दार मागच्याशी, आणि बोल्टने लावलेलं पुढचं मडगार्ड सगळ्यात शेवटी. ओमबीरला हे पटत नाही.

“मैडम, पहले अगला लगाओ. शकल तो वहीं से दिखती है.”

मी नाही म्हटलं. तो शेजारच्या गॅरेजवाल्याला ऐकू जाईल असं बोलला, “कंपनीवाली मैडम है भाई, इसका दरवाज़ा भी फ़ॉर्म भर के लगेगा.”

पण हात चांगला आहे त्याचा. खांब दोन मिलिमीटर बाहेर घ्यायला सांगितला की दोनच घेतो, वर शिव्या देतो.

गेल्या आठवड्यात डाव्या बाजूची दोन्ही दारं बसली. बिजागरीखाली पातळ पत्र्याचे तुकडे घालून दार बाहेर काढायचं, काढून आत घ्यायचं, पुन्हा मोजायचं. (बिजागरी हा तू शिकवलेला शब्द. इथे सगळे कब्जा म्हणतात.) आता वरपासून खालपर्यंत पाच मिलिमीटरची फट आहे, कुठेही अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक नाही. नवी असतानाही ती इतकी सारखी नसेल. फोटो सोबत आहे.

आज बाबा आले. मी बोलावलं नव्हतं. द्वारकेपर्यंत मेट्रो, पुढे ऑटो. हातात पोह्यांचा डबा.

“इथून जात होतो,” म्हणाले.

“कापसहेड्यातून कोणी जात नसतं, बाबा.”

“अच्छा. मग आलोय असं समज.”

पोह्यांत मीठ नव्हतं. ओमबीरने तीनदा घेतले. बाबा गाडीभोवती एक फेरी मारून लांब उभे राहिले. गाडीला हात लावला नाही.

मी डावं मडगार्ड खरवडत होते. रंगाखाली पुट्टीचा जाड थर लागला, तळहाताएवढ्या जागेत बोटभर. त्याखालचा पत्रा चेपलेला. मी विचारलं, “हे कधीचं?”

“जुनं असेल,” म्हणाले आणि डबा धुवायला गेले.

कधीचं ते मला माहीत आहे. २०१४ची संक्रांत. तुम्ही दरवर्षीप्रमाणे पानिपतला काला अंबच्या स्मारकावर गेला होता, कॉलनीतल्या मराठी घरांच्या पाच गाड्या ओळीने, सगळ्यांत पुढे तू. माझी बारावी होती म्हणून मी घरी राहिले. परत येताना धुक्यात एका ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडी घासली. मुरथलच्या ढाब्यावर बाबा सगळ्यांसमोर तुला म्हणाले, “पुरे आता. तुझ्याने होत नाही.” हे मला कुमुदकाकूंनी सांगितलं, एकदा नव्हे. तू किल्ली फ्रिजवर ठेवलीस आणि नंतर कधी उचलली नाहीस. बाबांना गाडी चालवता येत नाही, मला तू शिकवायची थांबलीस. तेव्हापासून ती झाडाखाली होती.

तुझ्या तोंडून मी यातलं काहीच ऐकलेलं नाही.

वृंदा

•

सोमवार, २० नोव्हेंबर

आई,

फराळाचा डबा मिळाला. चकल्या मोडल्या नाहीत. खाली वेगळ्या कागदात खजुराचे लाडू होते, साखर नसलेले. मला मधुमेह नाही. ते मी बाबांना दिले. त्यांनी कोणी पाठवले ते विचारलं नाही. एक तिथेच खाल्ला, बाकीचे रुमालात बांधून घरी नेले.

आता कालचं. हे लिहावं की नाही ते रात्रभर ठरत नव्हतं, म्हणून आज रजा टाकून लिहिते आहे.

मी चूक केली होती. डाव्या बाजूची दारं मी गाडी लोखंडी घोड्यांवर उचललेली असताना बसवली. इंजिन बाहेर, सीटा बाहेर. कारखान्यात आम्ही तसंच करतो, कारण तिथे बॉडीवर वजन आल्यावर ती किती झुकणार हे आधीच हिशोबात धरलेलं असतं. या गाडीचा असा हिशोब कोणाकडेच नाही. तिचे दारांखालचे आडवे पत्रे गंजलेले आहेत, नव्याने जोडले तरी ती एकावन्न वर्षांची आहे. मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

काल सकाळी इंजिन आणि पुढची सीट घालून गाडी चाकांवर उतरवली. दार उघडलं, लागलं. जरा घासतंय असं वाटलं. बाबा आलेच होते. मी म्हटलं, बसून बघा. ते आपल्या नेहमीच्या जागी, डावीकडे बसले आणि दार ओढून घेतलं.

“आता उतरा.”

“उघडत नाहीये.”

“हँडल पूर्ण ओढा.”

“वृंदा, वीस वर्षं मी याच दाराने उतरलोय.”

वजनाने बॉडी बसली होती आणि दाराची वरची मागची कड खांबात रुतली होती. मागच्या दारांना आतून-बाहेरून हँडल नव्हती. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार नुसतं टेकवून दोरीने बांधलेलं होतं, त्याला हात लावायचा नाही असं मीच बजावलं होतं. गाडी जॅकने उचलली की दार सुटणार, पण सकाळचं काम झाल्यावर जॅक शेजारच्याने नेला होता. आणि काल वर्ल्ड कपची फायनल. सगळ्या गॅरेजची शटरं अर्धी खाली, माणसं टीव्हीपुढे.

ओमबीर म्हणाला, “अंकलजी, खिड़की से आ जाओ, शीशा तो है नहीं.”

“अंडर सेक्रेटरी रिटायर हुआ हूँ भाई. खिड़की से नहीं उतरूँगा.”

“तो बैठो सरकार. इंडिया की बैटिंग है, जैक मिलते ही लाता हूँ.”

तो गेला आणि बराच वेळ आला नाही. तोही मॅच बघत बसला असणार.

मी रंगाचा रिकामा डबा उलटा घालून खिडकीशी बसले. हवा किती खराब आहे ते तू बातम्यांत बघत असशील. शेडच्या समोरची भिंतसुद्धा नीट दिसत नव्हती. बाबा काच नसलेल्या पुढच्या चौकटीतून तिकडेच बघत होते.

“त्या दिवशी याहून दाट होतं,” म्हणाले.

त्यांनी स्वतःच सांगितलं. धुक्यात गाडी चालवायची तुमची पद्धत मला त्यांच्याकडून कळली. तू समोर बघायचं, त्यांनी डावी काच खाली करून डोकं बाहेर काढून कडेची पांढरी रेघ बघायची. डावीकडे काही दिसलं तर ओरडायचं. गप्प म्हणजे रस्ता मोकळा. मागच्या चार गाड्या तुझ्या दिव्यांमागून यायच्या.

“मग तुम्ही ओरडला नाहीत?”

“झोप लागली होती मला. दुपारी गुळाच्या पोळ्या झाल्या होत्या. थंडी होती म्हणून काच वर केली, पाच मिनिटं म्हणून. आवाजाने जाग आली.”

“आणि ढाब्यावर तुम्ही तिला म्हणालात...”

“सगळे जमले होते गं. जाधव म्हणाला, ‘काय वहिनी, ट्रॉली दिसली नाही?’ सगळे माझ्याकडे बघत होते. निघालं तोंडातून.”

“आईला माहीत आहे?”

“तिने कधी विचारलं नाही.”

“मी ते विचारत नाहीये. तिला माहीत आहे का?”

त्यांनी खिडकीच्या रिकाम्या चौकटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “काच वर होती ना. तिला दिसलीच असणार.”

पलीकडे विकेट पडली. लोक ओरडले, मग एकदम शांत झाले. मी त्यांना विचारलं, गाडी भंगारात का दिली. आधी म्हणाले, नोटीस होती. मग म्हणाले, “रोज ऑफिसला जाता-येता तिच्या बाजूने जायला लागायचं. तुझी आई दर रविवारी ती पुसायची. एक शब्द बोलायची नाही, पुसायची. ती मिरजेला गेली तेव्हा मला वाटलं, परत येईल तेव्हा ती जागा रिकामी असेल आणि दोघांचीही सुटका होईल. मूर्खपणा. बिल्कुल मूर्खपणा.”

“हे मला कशाला सांगता? तिला लिहा.”

“लिहिलं होतं. माझं पत्र फाइलवरच्या नोटिंगसारखं होतं गं. ‘विषय’ असं लिहून खाली रेघ मारली, तेव्हाच कळलं. फाडलं.”

ओमबीर जॅक घेऊन आला तेव्हा इंडियाच्या विकेटा गेल्या होत्या आणि त्याचं तोंड वाकडं होतं. गाडी मधल्या खांबाखालून बोटभर उचलली, दार आपोआप सुटलं. बाबा उतरले, पॅन्ट झटकली, ओमबीरला म्हणाले, “स्कोर क्या हुआ?”

हे तुला सांग असं ते म्हणाले नाहीत. सांगू नको असंही म्हणाले नाहीत. मी कोणाचा निरोप पोचवत नाही. तुला हे आधीच माहीत असेल तर नऊ वर्षं तू काय केलंस ते मला समजत नाही, आणि माहीत नसेल तर आता झालं. मला मात्र माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं तुझ्याकडून ट्रॉली दिसायची राहिली असंच धरून चालले होते. तुझ्याशी तशी वागले असेन. आठवत नाही.

वृंदा

•

रविवार, १० डिसेंबर

आई,

तिसऱ्या पत्राला तुझं काहीच आलं नाही. मामाला फोन केला. तो म्हणाला, तू ठीक आहेस, सकाळी चालायला जातेस, पत्र दोनदा वाचलंस. मामाला मी आणखी काही विचारलं नाही.

दारं नव्याने बसवली. डाव्या बाजूचे सगळे बोल्ट सोडून पुन्हा पहिल्यापासून. या वेळी गाडी चाकांवर, इंजिन आत, टाकीतल्या पेट्रोलऐवजी पाण्याचे कॅन डिकीत, आणि सीटवर माणसं. डावीकडे बाबा स्वतः बसले. तुझ्या जागी वाळूची पोती ठेवली.

“किती धरलंस तिचं वजन?” बाबांनी विचारलं.

“त्रेसष्ट.”

“अठ्ठावन्न.”

“ते लग्नातलं असेल.”

“मला माहितीये ना!”

“बाबा, पाच किलोने दाराला काही फरक पडत नाही.”

“मग अठ्ठावन्नच ठेव.”

ओमबीर गाडीखालून म्हणाला, “अंकलजी, लेडीज़ का वज़न कम बताओगे तो भी फँसोगे, ज़्यादा बताओगे तो भी.” बाबा हसले. मी त्यांना ऑगस्टनंतर हसताना पाहिलं नव्हतं. पोतं एक उतरवावं लागलं.

रिकाम्या गाडीत आता डाव्या दाराची फट वर सहा आणि खाली साडेचार दिसते. फोटोत वाईट दिसेल. माणसं बसली की सारखी होते. बाबा सात-आठ वेळा चढले-उतरले, दार एका बोटाने उघडतं. ओमबीर म्हणाला की रिकामी असताना वाकडं आणि माणसं बसल्यावर सरळ, हे काम कोणाला दाखवायचं कसं. मी म्हटलं, बसून दाखवायचं.

घराचं सांगते, कारण ते आता थांबणार नाही. बाबांनी द्वारकेत दोन जागा पाहिल्या. एक तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीची. दुसरी तळमजल्यावर, दोन खोल्या आणि गाडीला छपराखाली जागा. दुसरीचा मालक २२ तारखेपर्यंत थांबायला तयार आहे. मी म्हटलं, तुम्हाला गाडी चालवता येत नाही, छपराखालची जागा कशाला? म्हणाले, “असली तर असली.” मी विचारलं, आईसाठी घेताय का? “तिला विचारलंय कुठे.” मग विचारा. “तू विचार.”

मी नाही म्हटलं. ऑगस्टपासून मी तुमच्या दोघांत येते-जाते आहे, तिकडचे लाडू इकडे आणि इकडची पत्रं तिकडे. मला आता हे होत नाही. मी दमले आहे. हे मी बाबांना याच शब्दांत सांगितलं. ते मेट्रोने गेले. काल सकाळी माझ्या दारात उभे होते, हातात पाकीट. ते सोबत पाठवते आहे. मी वाचलेलं नाही, पाकीट त्यांनीच चिकटवलं आहे. जाताना एवढंच म्हणाले, “या वेळी विषय नाही लिहिला.”

माझं म्हणणं वेगळं आहे, ते मी माझ्या पत्रात लिहिते. गेल्या चार महिन्यांत मी तुला ‘परत ये’ असं म्हटलेलं नाही. तुझा राग खरा आहे आणि तो गाडीपुरता नाही हे आता मला कळलं आहे. तू मिरजेला राहायचं ठरवलंस तर मी तुला समजावायला येणार नाही. पण मला काय हवं असं तू विचारलंस तर, तू इथे असावीस. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तीन दारं झाली. चालवणाऱ्याच्या बाजूचं राहिलं आहे. ते पोत्यांवर जुळवून पाहिलं, लागतं आणि उघडतंही. पण पोतं सीटच्या मधोमध बसतं. तू दाराकडे कलून, जवळजवळ त्याला टेकून बसतेस, आणि उतरताना सगळा भार त्याच बाजूला टाकतेस. म्हणून त्याचे बोल्ट मी पूर्ण आवळलेले नाहीत. तू येणार असलीस तर तू आत बसल्यावर आवळीन. येणार नसलीस तर पोत्यांवरच आवळीन, गाडी पाच जानेवारीला ओमबीरच्या शेडमधून निघते, आणि ती कोणाला द्यायची ते तू सांगशील. बाबाही मग तिसऱ्या मजल्यावरची खोली घेतील.

दोन्हीपैकी काहीही चालेल. उत्तर नसणं चालणार नाही. येणार की नाही, एवढं एका ओळीत लिही. नाही असेल तर नाही लिही. बुधवार, २० डिसेंबरपर्यंत तुझं उत्तर माझ्या हातात हवं.

वृंदा